अकरा फळ्या

माणसाला पहाटे कोकिळेच्या सुराने जाग यावी, अशी कवींची इच्छा असते. मला शटरच्या खडखडाटाने जाग येते. आमची इमारत मीरा-भाईंदर रस्त्यावर, सिल्व्हर पार्कात आहे. खाली सहा गाळे आणि वर आम्ही संसारी मंडळी. पहिले शटर दूधवाल्याचे. ते साडेपाचला वर जाते. मग इस्त्रीवाल्याचे, मग औषधांच्या दुकानाचे, आणि दहाच्या सुमारास साड्यांच्या दुकानाचे. त्या शटरला कित्येक वर्षांत वंगण मिळाले नसावे. ते वर जाताना मोडक्या पत्र्यांचा लग्नसमारंभ चालल्यासारखे वाटते. आमच्या घरात घड्याळे तीन आहेत, पण आमची सौ. शटरांवर स्वयंपाक करते. इस्त्रीवाल्याच्या शटरला कुकर चढतो आणि साडीवाल्याच्या शटरला माझी दुसऱ्या चहाची मुदत संपते.

मी १९९४ साली इथे राहायला आलो. मिठागरे आणि भातखाचरे मागे सरत होती आणि इमारती पुढे येत होत्या. १९८५ साली इथे नगर परिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. पुढे उड्डाणपूल आला, मेट्रोचे खांब आले. या साऱ्या धामधुमीत दोन गोष्टी मात्र बदलल्या नाहीत. एक म्हणजे शटरे, आणि दुसरी म्हणजे दिवाळीच्या आधी त्यांच्यावर रंगवले जाणारे 'शुभ' आणि 'लाभ'.

गेल्या वर्षी गॅलरीत उभा राहून मी ही रंगरंगोटी पाहत होतो. एकाएकी माझ्या ध्यानात आले की दुकान उघडले की शटर गुंडाळून वरच्या नळकांड्यात जाते, आणि त्याबरोबर शुभही जाते नि लाभही जातो. दिवसभर व्यापार चालू असताना दोघेही वर अंधारात गुंडी होऊन बसलेले. रात्री दुकान बंद झाले की ते बाहेर येणार, आणि त्यांचे दर्शन गल्लीतल्या कुत्र्यांना होणार! मी हे सौ.ला सांगून मोठ्याने हसलो, आणि हसता हसता एकदम गप्प झालो. आमच्या आबांच्या दुकानाचे शुभ-लाभ असे कधी लपत नसत. ते अकराव्या फळीवर असत.

आजच्या मुलांना 'दुकानाच्या फळ्या लावल्या' हा शब्दप्रयोगच कळत नाही. पूर्वी दुकानाला दार नसे, फळ्या असत. आमचे दुकान राजापूरच्या पेठेत होते. ज्या राजापुरात १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी वखार घातली आणि १६६१ साली शिवछत्रपतींनी ती लुटली, तेच हे राजापूर. आमच्या दुकानात लुटण्यासारखे गूळ, तेल, काड्यापेट्या आणि उधारीची वही एवढेच होते. तरीही आबा रोज रात्री ते अकरा सागवानी फळ्यांनी असे बंद करत, की जणू आत वखारच आहे.

फळ्यांची रचना मोठी साधी आणि तितकीच हुशारीची. उंबरठ्याला लांबच्या लांब खाच आणि वरच्या तुळईलाही तशीच खाच. मात्र वरची खाच खालच्या खाचेच्या दुप्पट खोल. फळी आधी वरच्या खाचेत सारायची, पाय आत घ्यायचा, आणि मग हळूच खालच्या खाचेत सोडायची. खाली बसली तरी वरचे टोक खाचेतच राहते. मग तिला बाजूला सरकवायचे आणि दुसरी लावायची. प्रत्येक फळीची एक कड पुढून आणि दुसरी मागून अर्ध्या जाडीपर्यंत कापलेली, म्हणजे शेजारणी एकमेकींच्या अंगावर अर्ध्या चढून बसतात आणि फटीतून पाऊस आत येत नाही. सगळ्या बसल्या की बाहेरून आडवी लोखंडी पट्टी आणि तिच्या टोकाला कुलूप. खिळा नाही, बिजागरी नाही. मात्र एक अट: क्रम चुकता कामा नये. म्हणून प्रत्येक फळीच्या डोक्याशी पटाशीने आकडा कोरलेला होता, एक ते अकरा.

या अकरांची आमच्या घरी वाटणी झालेली होती. विषम आकडे माझे, सम आकडे धाकट्याचे, आणि अकरावी आबांची. अकरावीवर कुंकवाचे स्वस्तिक आणि शुभ-लाभ असे. सकाळी बाकीच्या दहा फळ्या शेजारच्या बोळात उभ्या राहत. अकरावी मात्र आबा आत गादीच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसेल अशी ठेवत. शुभ आणि लाभ दिवसभर उघड्या डोळ्यांनी व्यापार बघत असत.

ही अकरावी शेवटी लावायची, म्हणून उन्हाळ्यात एक गंमत होई. लाकूड म्हणजे मेलेले झाड खरे, पण ते हवेतले पाणी पिणे आणि टाकणे काही सोडत नाही. पाणी प्यायले की फुगते, टाकले की आकसते. आणि हा सारा खेळ रुंदीत चालतो, लांबीत जवळजवळ नाहीच. नऊ इंच रुंदीची सागाची फळी कडक उन्हाळा आणि भर पावसाळा यांच्या दरम्यान सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमीजास्त होते. एका फळीचे एक सूत म्हणजे काहीच नाही. पण अकरा फळ्यांची अकरा सुते म्हटली की जवळजवळ दीड इंच! त्यामुळे वैशाखात अकराही फळ्या लावून झाल्या तरी शेवटी बोटभर फट उरे. आबांनी तिच्यासाठी एक बारीक पट्टी करून घेतली होती. तिला आम्ही 'पाहुणी' म्हणत असू. मृगाचा पाऊस पडला की पाहुणी माळ्यावर जाई, आणि आषाढात अकरावी फळी बसवायला आबांना तळव्याने दोनचार दणके द्यावे लागत. आबांना पाऊस किती झाला ते कुणाला विचारावे लागत नसे.

सागाचे हे फुगणेही इतर लाकडांच्या मानाने पुष्कळच बेताचे. त्याच्या अंगात स्वतःचे तेल असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि पाणी त्याला लवकर कुजवत नाही. लोखंडी खिळा ओकच्या लाकडाला आणि ओक त्या खिळ्याला खातो. सागात मात्र खिळा सुखाने नांदतो. म्हणूनच साहेबाने आपल्या लढाऊ गलबतांसाठी मुंबईच्या गोदीकडे धाव घेतली. वाडिया मंडळींनी सागात बांधलेले 'ट्रिंकोमाली' नावाचे जहाज १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरले, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. आणि आपल्या शनिवारवाड्याला १८२८ साली लागलेली आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. आतले महाल खाक झाले, पण दिल्ली दरवाजाची ती खिळेजडित कवाडे अजून आपण पाहतोच. सागाचे दार मालकापेक्षा जास्त जगते.

पण पुरापुढे सागाचेही चालत नाही. राजापूरला अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या पेठेच्या उशाशी भेटतात. दर पावसाळ्यात एकदोनदा त्यांना पेठ पाहण्याची हुक्की येते. असाच एका श्रावणात, मी अकरा वर्षांचा आणि धाकटा आठ वर्षांचा असताना, संध्याकाळी पाणी चढू लागले. आबा आणि आई गुळाच्या ढेपी माळ्यावर चढवत होते. फळ्या लावण्याचे काम आमचे. आणि मी कुठे होतो? मी पोरांबरोबर पूर पाहायला पळालो होतो.

धाकट्याने आपल्या पाच फळ्या ओढत ओढत आत आणल्या. मग माझ्या आणू लागला. एक, तीन अशा त्याने आणल्या. पाचवीच्या वेळी बोळात पाणी त्याच्या कमरेला लागले होते. साग पाण्यावर तरंगतो. पाचवी फळी त्याच्या हातून सुटली आणि बोळातून वाहत, त्याच्या देखत, अंधारात निघून गेली. आबांनी ते पाहिले आणि धाकट्याच्या मुस्कटात मारली. तेवढ्यात मी भिजून घरी आलो. धाकटा रडत होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. त्या गडबडीत 'पाचवी कुणाची' हा हिशेब आबांनी केला नाही, आणि मीही तो करून दिला नाही.

पुढे आबांनी नवीन पाचवी करून घेतली, ती फणसाची. सागाला पैसे नव्हते. फणसाचे लाकूड काही हलके मानायचे कारण नाही. दक्षिणेत वीणा त्याचीच करतात आणि कोकणात देव्हारे त्याचे होतात. नवे असताना ते पिवळेजर्द दिसते, मग वर्षावर्षाने तांबूस होत जाते. पण आमच्या दुकानाच्या तपकिरी कपाळावर ती पिवळी पट्टी कितीतरी वर्षे उठून दिसायची, आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती उचलायची माझ्यावर पाळी यायची.

१९७० साली मला मुंबईत बँकेत नोकरी लागली आणि मी फळ्यांतून सुटलो. दुकान धाकट्याकडे आले. १९९६ साली आबा गेले, २००१ साली आई गेली. दोघांचेही म्हातारपण धाकट्याने आणि माझ्या भावजयीने काढले. मी दर महिन्याला मनिऑर्डर करत असे आणि दर वर्षी आंबे खायला जात असे. एकंदरीत माझी मातृपितृभक्ती वेळच्या वेळी चालू होती.

२००३ साली गावाकडून कोणी आला, त्याच्याकडून कळले की दुकानाला शटर बसले. मला काय झाले कोण जाणे! खाली सहा शटरे असलेल्या घरात बसून मी धाकट्याला चार पानी पत्र लिहिले. त्यात वाडवडिलांची पुण्याई होती, परंपरा होती, आबांचा आत्मा होता, आणि 'तू आबांच्या फळ्या मोडीत काढल्यास' असे शेवटी एक वाक्य होते. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आले. त्यावर एवढेच: 'फळ्या जागेवर आहेत. काळजी नसावी.' ते मला उद्धटपणाचे वाटले. पंधरा वर्षे आम्ही लग्नाकार्यात भेटलो, पावसापाण्याचे बोललो. पण मी राजापूरच्या घराची पायरी चढलो नाही.

आता थोडे अमेरिकेला जाऊन येऊ. नाहीतरी प्रत्येक मराठी घराची एक खोली आता तिकडे असते. माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. २०१७ साली आम्ही उभयता त्यांच्याकडे तीन महिने राहून आलो. त्यांच्या घराचे मला सगळ्यात नवल वाटले ते गाडीच्या खोलीच्या दाराचे. दोन मोटारी शेजारी शेजारी जातील एवढे रुंद, आणि सबंध लाकडी. ते आत उघडत नाही की बाहेर उघडत नाही. ते वर जाते. चार आडवे तुकडे बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले, बाजूला छोटी चाके, ती चाके लोखंडी पन्हळीत फिरतात. पन्हळ वर जाऊन छताकडे वळते, आणि दार तिच्यामागून जाऊन छताला समांतर आडवे निजते. १९२१ साली तिकडच्या सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने हे वर जाणारे दार काढले, आणि पाच वर्षांनी ते विजेवर चालवण्याचे यंत्रही केले. जावयाने बटण दाबले की तो अजस्र पडदा नि:शब्द वर जाई. मला आमची आषाढातली अकरावी आठवून हसू येई.

एके दिवशी सकाळी बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. आम्ही धावत गेलो. दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली जाडजूड स्प्रिंग तुटली होती. बटण दाबले, यंत्र कण्हले, दार हलेना. जावई आणि मी दोघांनी मिळून जोर केला. दार तसूभरही उठले नाही. तेव्हा मला प्रथमच कळले की त्या दाराचे वजन दीड-दोनशे किलो आहे!

दुरुस्तीला आलेला कारागीर माझ्याच वयाचा होता. मी सुताराच्या पोरासारखा त्याच्या मागे मागे हिंडत राहिलो. त्याने सांगितले की यंत्र दार उचलत नाही; यंत्र नुसते इशारा करते. सगळा भार स्प्रिंग घेते. दार खाली येते तेव्हा ती पिळली जाते, आणि वर जाताना तोच पीळ उलगडून दार उचलते. ती ठीक असेपर्यंत लहान मूलही दार एका हाताने वर करते, म्हणून तिची आठवण कुणाला राहत नाही. 'तिला कधी हात लावू नका, हात जाईल,' असेही त्याने बजावले.

मग त्याने मला लाकूड दाखवले. ते सीडरचे होते. वजनाला सागाच्या निम्म्याच्या आसपास, आणि कुजण्याला चिवट. प्रत्येक तुकड्याला उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि चौकटीच्या खाचेत दिल्हा बसवलेला. मी दिल्हा बोटाने दाबला तर तो किंचित हलला. 'हा ढिला आहे,' मी म्हणालो. तो म्हणाला, 'मुद्दाम ढिला ठेवला आहे. डिंकाने चिकटवला तर ओल्या दिवसांत फुगून चौकट फोडील, नाहीतर कोरड्या दिवसांत स्वतः उभा फाटेल. लाकडाला हलायला जागा ठेवावी लागते.' खालच्या कडेला रंग लावायला लोक विसरतात आणि पाणी तिथूनच चढते, हेही त्यानेच सांगितले. रंगाचे थर चढत गेले की दार जड होते आणि स्प्रिंग पुन्हा जुळवावी लागते, म्हणे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सौ. म्हणाली, वेळेच्या फरकामुळे असेल. मी बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस. अंथरुणावर पडून मी हिशेब मांडला. मी १९७० साली निघून गेलो. फळ्या २००३ पर्यंत लागत होत्या. म्हणजे तेहतीस वर्षे. वर्षाला तीनशे दिवस दुकान उघडे धरू. माझ्या पाच फळ्या, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. नव्व्याण्णव हजार वेळा धाकट्याने माझी फळी उचलली होती. आणि मी त्याला परंपरेवर चार पानी पत्र लिहिले होते.

पुढच्या दिवाळीला, २०१८ साली, मी कळवून राजापूरला गेलो. भावजयीने पायावर पाणी घातले, चहा दिला. धाकटा बाहेर होता. मी सहज म्हणालो, 'दुकान बंद करायला आता बरे पडत असेल.' ती म्हणाली, 'हो ना दादा. यांची पाठ धरायची. मुलगा शिकायला गेला होता, एकट्यानं सगळ्या फळ्या लावायचे, रोज दोनदा. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे शटर केलं.' चार पानी पत्रात मी पाठीविषयी विचारले नव्हते.

धाकटा आला. म्हातारा झाला होता. 'कधी आलास?' म्हणाला, आणि पंधरा वर्षे मध्ये गेलीच नाहीत अशा थाटात, 'चल, तुला टेम्पो दाखवतो,' म्हणून मला परसाकडे घेऊन गेला. मालाच्या ने-आणीसाठी मुलाने छोटा टेम्पो घेतला होता, आणि त्याच्यासाठी घराच्या अंगाला खोपी बांधली होती. खोपीला दार होते. आणि ते दार आमच्या फळ्यांचे होते.

अकराच्या अकरा. एकही कापलेली नव्हती. पूर्वी उभ्या असायच्या, त्या त्याने आडव्या घातल्या होत्या. साडेसात फूट लांबीच्या, म्हणून दार साडेसात फूट रुंद. नऊ इंची अकरा एकावर एक, म्हणून उंची सव्वाआठ फूट. चार, चार आणि तीन अशा त्यांच्या तीन तुकड्या केल्या होत्या, मध्ये बिजागऱ्या, बाजूला चाके, आणि लोखंडी पन्हळ वर जाऊन छताकडे वळलेली. मी नुसता बघत राहिलो. 'हे तुला कुणी सांगितलं?' मी विचारले.

'सांगायचंय काय? गल्ली अरुंद. दार बाहेर उघडलं तर शेजाऱ्याच्या ओसरीवर जातं, आत उघडलं तर टेम्पो कुठे ठेवू? उरलं वर. शहरात मोठ्या गोदामाला असं दार पाहिलं होतं एकदा. लोहाराला बसवून करून घेतलं.'

स्प्रिंग त्याच्याकडे नव्हती. दोन्ही बाजूंना कप्प्यांवरून तारेचे दोर गेले होते आणि दोरांच्या टोकांना साखळीत एकाखाली एक वजने लोंबत होती. मी वाकून पाहिले. आबांच्या दुकानातली शेरांची वजने! १९५८ पासून सरकारने टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणले, तेव्हा ती तराजूतून बाद झाली होती. आबांनी ती मोडीत न घालता माळ्यावर ठेवली होती. जिथे कमी पडली, तिथे धाकट्याने तेलाच्या डब्यांत सिमेंट भरून टांगले होते. 'एकच मोठा धोंडा का नाही बांधलास?' मी विचारले. तो हसला. 'दार वर जातं तसं छताकडे आडवं होतं, म्हणजे लोंबता भार कमी होतो. धोंडा मात्र तेवढाच राहील आणि दार शेवटी धाडकन आपटेल. ही वजनं एकेक करून जमिनीला टेकतात. दाराचा भार कमी, तसं वजन कमी.'

फळ्यांची अर्धी कापलेली कडही त्याने नीट विचार करून बसवली होती: वरच्या फळीचा ओठ बाहेरून खालच्या फळीवर आलेला, म्हणजे पाणी आत शिरत नाही. प्रत्येक फळीला मधला स्क्रू घट्ट. बाजूच्या स्क्रूंना मात्र लांबट भोके. मी भोकावर बोट ठेवले. तो म्हणाला, 'फुगायला जागा ठेवलीय. नाहीतर फाटतं.' न्यू जर्सीच्या त्या कारागिराने हेच सांगितले होते. त्याची आणि माझ्या भावाची कधी भेट होणार नव्हती, पण लाकडाने दोघांनाही एकच धडा दिला होता.

मी आकडे वाचू लागलो. वरून एक, दोन, तीन, चार. मग सहा. पाचवी नव्हती. 'पाचवी कुठाय?' मी विचारले. माझा आवाज मलाच निराळा वाटला.

'ती काय, सातवीच्या खाली. फणसाची ना ती. वर उन्हात लवकर तडकली असती, खाली पाण्यात राहिली असती. मध्ये घातली.'

ती आता पिवळी नव्हती. तांबूस तपकिरी होऊन इतरांत मिसळली होती. आकडा नसता तर ओळखूही आली नसती. मी म्हणालो, 'त्या पुरात गेली ती माझी होती.'

'माहीत आहे,' तो म्हणाला. 'विषम तुझ्या होत्या.'

'तू आबांना सांगितलं नाहीस.'

'सांगून काय? फळी थोडीच परत येणार होती? मार मिळाला होता एकाला, आणखी एकाला कशाला?' आणि जरा थांबून म्हणाला, 'तुझं ते पत्र आलं, तेव्हा मात्र एकदा वाटलं होतं लिहावं. मग कार्डावर जागा पुरेना.'

आम्ही दोघेही हसलो. साठ वर्षांचे ते हसू होते. त्यात थोडे पाणीही आले असेल, पण दोघांनीही ते चष्म्याच्या नावावर घातले.

'ओढ,' तो म्हणाला. 'घाबरू नको, हलकं आहे.'

मी कडी धरून वर ओढली. अकरा फळ्यांचे सव्वाशे किलोंचे ते दार एका हाताने वर निघाले. दोन्ही बाजूंनी आबांची वजने खाली उतरली आणि एकामागून एक जमिनीला टेकली. अकरावी फळी सगळ्यांत खाली होती, ती सगळ्यांच्या शेवटी वर गेली. तिच्यावर शुभ-लाभ होते. दार उघडे असतानाही ते दिसावे, म्हणून त्याने तिची आतली बाजूही रंगवली होती. टेम्पोत बसणाऱ्याने मान वर केली की छताला शुभ, छताला लाभ.

तेव्हापासून करोनाची दोन वर्षे सोडली तर दर दिवाळीला मी राजापूरला जातो. लक्ष्मीपूजनाला ते दार वर करण्याचा मान माझा, आणि खाली ओढण्याचा त्याचा. सिल्व्हर पार्कातली शटरेही आता मला पूर्वीइतकी कर्कश वाटत नाहीत; त्यांच्या नळकांड्यातही एक स्प्रिंग असते, आणि ती कुणालाच दिसत नाही, हे मला आता ठाऊक आहे. यंदा साडीवाल्याला मी वंगणाची बाटली नेऊन दिली. त्याने ती संशयाने घेतली, पण घेतली.

मध्यंतरी श्रावणात मी धाकट्याला फोन केला, की चार दिवस येऊन जावे म्हणतो. तो म्हणाला, 'आत्ता नको. पावसात फळ्या फुगल्यात, दार अडतं. दिवाळीला ये. दिवाळीला ते मोकळं होतं.'